बर्फाचा हौद

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमची अभ्यंगस्नानं उरकलेली असतील. बंबातलं कढत पाणी, उटणं, आणि बाहेर पोरांचे फटाके. माझी विनंती एवढीच की उद्या सकाळी बंब पेटवू नका. थंड पाण्याचा एक तांब्या भरा, डोक्यावर ओता आणि काय होतं ते नीट पाहा. तोंड आपोआप उघडतं, ‘हाऽऽ’ करून श्वास आत जातो, छाती धडधडायला लागते आणि पुढचे काही श्वास तुमच्या ताब्यात राहत नाहीत, ते येतील तसे येतात. घरात आपण याला हसतो. बायको आतून विचारते, काय हो, विंचू चावला का? आता हाच पहिला श्वास तुमचं तोंड पाण्याखाली असताना आला असं समजा. श्वास तर येणारच, तो कोणाच्या बापाला अडवता येत नाही. फक्त आत हवा जाणार नाही, पाणी जाईल.

मी दादरला समुद्राकाठच्या एका पोहण्याच्या तलावावर मास्तर होतो. उभा जन्म दुसऱ्यांना पाण्यात घालण्यात आणि बाहेर काढण्यात गेला. मी मूळचा देवगडकडचा, त्यामुळे पोहायला कधी शिकलो ते मला आठवत नाही. लोक विचारतात, मास्तर, बुडणारा माणूस ओरडतो कसा? तो ओरडत नाही. ओरडायला हवा लागते आणि ती त्याच्याकडे नसते. तो गुपचूप, सभ्य माणसासारखा बुडतो, आणि शेजारी पोहणाऱ्याला पत्ता लागत नाही. ज्याला हात हलवून हाका मारता येतात त्याला अजून थोडा वेळ आहे असं समजावं.

लालबाग-परळच्या तालमींतले पैलवान हे माझं सर्वांत अवघड गिऱ्हाईक. मुंबईला थंडी ती काय, पण पौषातल्या पहाटे वारं सुटलं की आमच्या तलावाचं पाणी हाडांत शिरायचं. ही मंडळी काठावर जोर-बैठका काढायची, अंगातून वाफा निघेपर्यंत. तालमीतला ठाम समज असा, की घामेजल्या अंगाने उडी टाकली की गारठा बाधत नाही. खरं आहे ते नेमकं उलट. अंग जितकं तापलेलं, तितका पाण्याचा तडाखा मोठा. एक पैलवान असा उडी मारून वर आला तो डोळे पांढरे करूनच. मी बांबू पुढे केला, त्याला त्याने जी मिठी मारली ती सोडवायला तिघे लागले. बाहेर आल्यावर सांगतो काय, तळाशी कोणीतरी पाय ओढला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने तलावाला नारळ दिला. मी तो फोडून सगळ्यांना वाटला, पण पैलवानाला पायऱ्यांवरून उतरायला लावलं.

मला हे शहाणपण दिलं ते ठाकूरद्वारच्या एका डॉक्टरांनी. लढाईच्या काळात ते जहाजावर नोकरीला होते, उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रात. रोज सकाळी ते आमच्याकडे पोहायला यायचे. ते सांगायचे, जहाज फुटलं की लोकांना वाटतं माणसं गारठून मेली. गारठून मरायला वेळ लागतो रे. पुष्कळशी पहिल्या दोन-चार मिनिटांतच जातात, उत्तम पोहणारीसुद्धा, कारण पडल्या पडल्या पोहायला लागतात. पडलास तर पोहू नकोस. उताणा हो, तोंड वर ठेव, हाताला काही लागलं तर धर आणि श्वास ठिकाणावर येईपर्यंत दुसरं काही करू नकोस. आणि आपण होऊन उतरायचं असेल तर हळूहळू उतर. आधी पाय, मग मांड्या, मग मानेवर, तोंडावर पाणी मार, श्वास सोडत सोडत खाली जा. आमच्या देवगडकडच्या म्हाताऱ्या खाडीत उतरताना पाण्याला हात लावून कपाळाला लावायच्या, डोक्यावर ओंजळभर शिंपडायच्या, मगच पुढे जायच्या. मी त्याला देवभोळेपणा समजत असे. डॉक्टर म्हणाले, देव असेल नसेल, पद्धत बरोबर आहे.

आता किसनबद्दल सांगतो. संपादकांनी तलावावरच्या गमतीजमती मागितल्या होत्या, पण त्याच्याबद्दल न लिहिता बाकीचं लिहिणं मला जमेना.

किसन गायकवाड वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा आणि गिरणीत रिंगखात्यात, सूतकताईला होता. पोहायला शिकला तो गिरणीच्या तलावात. इंजिनाचं गरम पाणी त्या तलावात सोडलेलं असायचं, त्यामुळे तिथे पोहणं म्हणजे बंबात पोहणं. पण पोहायचा असा, की पाणी फाटल्याचा आवाज नाही. एका रविवारी तो आमच्या तलावावर आला आणि दुपारपर्यंत न थांबता फेऱ्या मारत राहिला. बाहेर आल्यावर मी विचारलं, दमलास का? तर म्हणाला, “नाय मास्तर, भूक लागली.”

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. रोज मोर्चा, रोज सभा. मीही अश्रुधूर खाल्ला आहे आणि घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आहेत, तेव्हा पुढचं वाचून मला कोणी चळवळीबाहेरचा समजू नये. त्या हवेत कोणाच्या तरी डोक्यात आलं की मराठी माणसाने इंग्लंडची खाडी पोहून दाखवावी. ठाकूरद्वारच्या नानांनी ते मनावर घेतलं. त्यांचं तिथे भांड्यांचं दुकान. नाना म्हणजे उत्साहाचा डोंगर. त्यांनी एक समिती केली, गिरणगावातून वर्गणी जमवली, आणि किसनला तयार करायचं काम माझ्यावर टाकलं.

ती खाडी पोहणाऱ्याला आडवं करते ते लाटांनी कमी, गारठ्याने जास्त. मुंबईत तसा गारठा आणायचा कुठून? लालबागला कापड रंगवायच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात दगडी हौद होता, दीड पुरुष खोल, भिंती रंगाने काळ्या झालेल्या. माझगावच्या बर्फाच्या कारखान्यातून हातगाडीवर लाद्या यायच्या, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. त्या हौदात सोडायच्या आणि पाणी हाताला टोचायला लागलं की किसनने उतरायचं. कमरेला सुती दोरी, तिचं दुसरं टोक माझ्या हातात. पायऱ्यांवरून एक एक उतरायचं, मानेवर पाणी मारायचं, गळ्यापर्यंत गेलं की कठडा धरून उभं राहायचं.

श्वास ठिकाणावर आला हे ओळखायचं कसं? मी माझी एक पद्धत काढली होती. मी विचारायचो, “किसन, आज डब्यात काय?”

सुरुवातीला उत्तर यायचं, “भा... भा...” आणि पुढे नुसता भाता. मी थांबायचो. परत विचारायचो. मग कधीतरी एका दमात यायचं, “भाकरी, सुकट आणि कांदा.” तेव्हाच मी कठडा सोडू द्यायचो. पूर्ण वाक्य बोलता आल्याशिवाय पोहायचं नाही, हा नियम. तो चिडायचा. “मास्तर, डबा काय रोज बदलतो? तुमाला म्हाईत हाय सगळं!” मी म्हणायचो, मला माहीत आहे रे, तुझ्या छातीला माहीत आहे का ते बघतोय.

एकदा त्याची आई हौद बघायला आली, राधाबाई. तीही गिरणीत कामाला होती. लेकाचे निळे पडलेले ओठ पाहून ती कठड्यावर बसूनच राहिली. मी म्हटलं, “मावशी, घाबरू नका, सवय होते.”

ती म्हणाली, “मास्तर, आमच्या गावात आमाला विहिरीवर चढू देत नवते. खाली घडा घेऊन बसायचं. कुनाला दया आली तर वरनं वततील, न्हाय तर बसा उन्हात. माजी आई अशी दिसदिसभर बसलीया. आन् ह्यो म्हनतो, आये, मी सायबाचा समुद्र पवनार.” ती हसली आणि हसता हसता डोळे पुसले. मग मला म्हणाली, “पवू दे. पन मला एवढाच हाय.”

मी दोरी उचलून दाखवली. म्हटलं, “हे टोक माझ्या हातात असतं, मावशी.”

“मग बरं,” ती म्हणाली आणि उठली.

हिवाळा संपता संपता समितीने ठरवलं की किसनचा जाहीर सत्कार करायचा आणि लोकांसमोर बर्फातल्या पोहण्याचं प्रात्यक्षिक. ज्यांनी आणा-दोन आणे दिले त्यांना बघायला मिळायला नको का, हे नानांचं म्हणणं चूक नव्हतं. आवारात मंडप पडला. बांबूंना पताका लागल्या. हौदाच्या एका बाजूला फळ्यांचा उंच माचा बांधला, फोटोवाल्यांना नीट दिसावं म्हणून. मी माचा पाहिला आणि नानांना म्हटलं, “तो पायऱ्यांवरून उतरेल. उडी मारणार नाही.”

“अहो, कबूल आहे मास्तर,” नाना म्हणाले. “माच्यावर नुसता उभा राहील, हार घालू, फोटो काढू, मग तुमच्या पायऱ्या.”

सभा दुपारची. पाहुणे वेळेवर येते तर ते पाहुणे कसले. किसनच्या अंगाला, खाडी पोहणारे गारठ्यासाठी चोळतात तशी, आधीच चरबी चोळून झाली होती आणि ती उघडी दिसू नये म्हणून वर घोंगडी पांघरलेली. तो तसाच उन्हात माच्याखाली खुर्चीवर बसला, गळ्यात हार. एकामागून एक भाषणं. घाम त्याच्या कानशिलांवरून ओघळत होता. मी जाऊन घोंगडी काढायला लावली, तोंड ओल्या फडक्याने पुसलं. तो खुशीत होता. पुढच्या रांगेत राधाबाई बसली होती, नवं लुगडं नेसून, आणि तो तिच्याकडे बघून भुवया उडवत होता.

मी त्याच्या कमरेला दोरी बांधली तेव्हा नाना कानाशी आले. “मास्तर, आज दोरी कशाला? फोटोत बैल बांधल्यासारखा दिसेल हो. उद्या पेपरात छापून येणार.”

“येऊ दे,” मी म्हटलं.

किसनने ते ऐकलं. त्याची मान खाली गेली. बांधून घेणं, बांधलेलं दिसणं, ही गोष्ट त्याला आणि मला सारखी लागणारी नव्हती हे मला तेव्हा कळायला हवं होतं, असं नव्हे, कळलं होतं. तरी मी गाठ पक्की केली.

मग मला व्यासपीठावर बोलावलं. गुरूचा सत्कार आधी. मी म्हटलं नंतर करा, पण दोघांनी दंडाला धरून नेलंच. आपल्याकडे मानाला नाही म्हणणं हा अपमान. मी वर उभा असताना किसन माच्यावर चढला, ठरल्याप्रमाणे, फोटोसाठी. त्याला पाहून आवारातली सगळी माणसं उभी राहिली. कोणीतरी घोषणा दिली, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र...” आणि हजार गळ्यांनी उत्तर दिलं, “झालाच पाहिजे!” पुन्हा. पुन्हा. मी त्याला कमरेशी हात नेताना पाहिलं. त्याने गाठ सोडली आणि दोरी फळीवर टाकून दिली. मी ओरडलो, “किसन, नको! पायऱ्या!” माझ्या गळ्यात तेव्हा हार पडत होता आणि माझा आवाज माझ्याच शेजारच्याला ऐकू गेला नाही.

त्याने दोन्ही हात वर केले, घोषणेचा पहिला भाग स्वतः दिला आणि ‘झालाच पाहिजे’ला उडी मारली. तोंड उघडं, छातीतली सगळी हवा घोषणेत गेलेली, अंग उन्हात तापलेलं, आणि खाली बर्फ.

तो एकदा वर आला. मला त्याचं तोंड दिसलं. ओठ गोल होते, तांब्या ओतल्यावर होतात तसे. तसाच तो खाली गेला. आवाज नाही, हातपाय मारणं नाही. लोकांना वाटलं, हेच प्रात्यक्षिक. बर्फाखाली दम धरून दाखवतोय. टाळ्या सुरू झाल्या आणि मग लोक टाळ्यांच्या ठेक्यावर आकडे मोजायला लागले.

मी व्यासपीठावरून उडी टाकून धावलो. बांबू, बांबू म्हणून ओरडलो, तर सगळे बांबू मंडपाला बांधलेले. माच्यावरची दोरी घेतली, एक टोक कमरेला बांधलं, दुसरं गर्दीतून तिथे पोचलेल्या ठाकूरद्वारच्या डॉक्टरांच्या हातात दिलं आणि पायऱ्यांवरून उतरलो. उडी मारली नाही. कमरेपर्यंत गेलो, छातीपर्यंत गेलो, आणि माझा श्वास गेला. इतके दिवस मी दुसऱ्याला उतरवत होतो, मी काठावर होतो. छाती भात्यासारखी चालायला लागली. तोंड पाण्याखाली घातलं असतं तर त्याच क्षणी पाणी ओढलं असतं, हे मला माहीत होतं. हे मीच शिकवत आलो होतो. म्हणून मी कठडा धरून उभा राहिलो. लाद्या हलत होत्या, त्यांच्यामधून काळं पाणी दिसत होतं, आणि त्या पाण्यात, फार दूर नाही, किसन होता. आणि मी उभा होतो. वर लोक मोजत होते. मग मोजणं हळूहळू थांबलं. कोणीतरी म्हणालं, अरे, मास्तर थांबलाय का? ते मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

श्वास जरा हाताशी आला तशी मी बुडी मारली. पहिल्या खेपेला हाताला नुसता बर्फ लागला. दुसऱ्या खेपेला चरबी लागलेला दंड लागला आणि सटकला. तिसऱ्या खेपेला मी त्याला केसांनी धरून वर आणला. चरबीमुळे बाहेर ओढायलाही चौघांच्या हातांत तो राहीना. डॉक्टरांनी त्याला माच्याच्या फळ्यांवर पालथा घातला आणि त्या काळी जे करत ते सगळं केलं, सावल्या लांब होईपर्यंत. ते स्वतः घामाने भिजले, पण उठले नाहीत. शेवटी राधाबाईनेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “दादा, बास.”

दुसऱ्या दिवशी त्याला हुतात्मा करायचं चाललं होतं. मिरवणूक, झेंडे. नाना माझ्यासमोर लहान मुलासारखे रडले. मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. उत्साहात माणूस काय काय सोडून देतो, त्यात दोरी ती काय. पण राधाबाईने मिरवणुकीला ठाम नाही सांगितलं. चाळीतल्या लोकांनी साधेपणाने नेलं. मी मागे चालत होतो. माझ्याशी कोणी बोललं नाही, आणि कोणी जा असंही म्हटलं नाही.

डॉक्टर मला नंतर म्हणाले, “तू उडी मारली असतीस तर मला त्या दिवशी दोघांना पालथं घालावं लागलं असतं. तू थांबलास ते बरोबर केलंस. हे मी वैद्य म्हणून सांगतो.” वैद्य म्हणून ते खरं होतं. पण मी रात्री अंथरुणावर पडलो की वैद्य काही जवळ नसायचा. मोजणाऱ्यांच्या आवाजातच डोळा लागायचा.

मास्तरकी मी सोडली नाही. लोकांना याचं नवल वाटलं. सोडून करणार काय, आणि पाणी काय माझ्यावाचून ओस पडणार होतं? उलट मी कडक झालो. माझ्या तलावावर मोठमोठे वकील, अधिकारी पायऱ्यांवरून उतरले, मानेवर पाणी मारून, कठडा धरून. डब्यात काय, हे मात्र मी पुन्हा कोणाला विचारलं नाही. काहीतरी बोला, एवढंच म्हणायचो.

राज्य झालं त्या दिवशी मुंबई घरात मावत नव्हती. ढोल, गुलाल, दिवे. आम्ही ज्यासाठी ओरडलो ते झालं होतं आणि मला आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. झाला, खूप झाला. पण हातातला पेढा मी तसाच खाली ठेवला. मी उठलो आणि वरळीला गेलो. किसनला नेलं त्या दिवसानंतर मी राधाबाईकडे पाऊल टाकलं नव्हतं.

चाळीतही वाजत होतं. तिचं दार उघडं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी किसनचा फोटो, माच्यावरचा, हारातला. ती भाकऱ्या थापत होती. मला पाहून तिने हात धुतले, चटई टाकली आणि चहाचं आधण ठेवलं. आधणाला उकळी आली. मग मीच म्हटलं, “मावशी, मी थांबलो होतो.”

“म्हाईत हाय,” ती म्हणाली. “मी म्होरंच बसले होते. बघितलं मी.”

“डॉक्टर म्हणतात, न थांबता गेलो असतो तर मीही गेलो असतो.”

“मला बी सांगितलं त्येंनी. घरी येऊन सांगितलं.” तिने चहा गाळला. “खरं आसंल. शिकलेला मानूस हाय, खोटं कशाला बोलंल? माझं मन म्हनतं, तुमच्या जागी मी आसते तर थांबले नसते. मग मी बी मेले आसते. मग काय झालं आसतं? काय न्हाय.” तिने बशी माझ्यापुढे सरकवली. “पन बरं झालं थांबलात, आसं माझ्या तोंडातनं येनार न्हाय, मास्तर. तुमी त्यासाठी आला आसाल तर त्ये मागू नका.”

मी त्यासाठीच गेलो होतो. तिने बोलून दाखवेपर्यंत ते माझं मलाही कळलं नव्हतं.

चहा प्यालो. कप तिने माझ्या हातातून घेतला आणि लगेच विसळून पालथा घातला. मी उठलो, चपला घातल्या आणि रिवाजाप्रमाणे म्हटलं, “येतो, मावशी.”

आपल्याकडे वैऱ्यालासुद्धा दारातून ‘या’ म्हणतात. ती चुलीकडे वळली आणि परातीतलं पीठ मळायला लागली. मी थोडा वेळ उंबऱ्यात उभा राहिलो, मग जिना उतरलो.